एअरफोर्सवाल्या आजोबांची वही काढायची असेल तर

गेल्या महिन्यात आजोबांचं वर्षश्राद्ध झालं. ९१ पूर्ण करून गेले. त्यांच्या नावाने घरापुरती एक आठवणींची वही काढायची ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात लॅपटॉप माझ्याकडे आहे, बस. आपल्या नाशकात ओझर आणि देवळालीच्या लष्करी ठाण्यांमुळे गल्लोगल्ली असे आजोबा सापडतात म्हणून काय जमलं आणि काय फसलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे "एअरफोर्समध्ये होते" म्हणजे पायलट होते असं धरू नका. आमचे आजोबा इंजिन फिटर, आयुष्यात एक विमान उडवलं नाही. पण आत्याने दहाव्याच्या फ्लेक्सवर विमान टाकायला लावलं आणि फ्लेक्सवाल्याने टाकलं सुखोई, जे आजोबा रिटायर झाल्यावर वीसेक वर्षांनी आलं. त्यांचे मित्र बघून हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसंच "ओझरला होते" म्हटलं तरी विचारा नक्की कुठे, कारण १९६४ पासूनची एचएएल ही विमानं बनवणारी कंपनी वेगळी आणि एअरफोर्सचा ११ बीआरडी, म्हणजे रिपेअर डेपो, वेगळा.

मग कागद शोधा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मिळाला की ट्रेड, रँक, भरती आणि रिटायरमेंटच्या तारखा सगळं हाताशी येतं. आमच्याकडे डिस्चार्ज बुकची पहिली पानं वाळवीने खाल्लेली, सर्व्हिस नंबरच गायब. तो मिळाला मेडलवर! गोल मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, पण आजी दर १५ ऑगस्टला पितांबरीने मेडलं घासायची त्यामुळे अक्षरं पार झिजलेली. अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला तेव्हा कुठे आकडे उठले. तर मेडल घासू नका प्लीज, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि ठेवून द्या. कागद काहीच नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा पुढे कुठे अर्ज करायचा ते.

यानंतर पोस्टिंगची यादी करा, आणि इथे आजीला साल विचारू नका, सालं तिच्या लक्षात नसतात. मी "१९६२ ला कुठे होतात" विचारलं तर म्हणाली मला काय माहीत. "बाबांच्या बारशाला आजोबा कुठून आले होते" विचारल्यावर मात्र गाव, ट्रेन, मनमाडला चुकलेली गाडी, आणलेलं स्वेटर, सगळं धडाधड बाहेर आलं. मुलांची जन्मवर्षं आपल्याला माहीतच असतात, त्यावरून जुळवायचं.

लढाईच्या गोष्टी मात्र तपासून घ्या, त्या घरात वाढत जातात. काका छातीठोक सांगायचा की आजोबांनी १९६५ च्या लढाईत पंजाबातल्या हलवारा विमानतळावर पाकिस्तानी छत्रीवाला सैनिक पकडला. आता ६ सप्टेंबरला संध्याकाळी पाकिस्तानच्या सेबर विमानांनी हलवाऱ्यावर हल्ला केला आणि त्याच रात्री पठाणकोट, आदमपूर आणि हलवाऱ्याच्या आसपास छत्रीवाले उतरले हे खरंच आहे. पण माझ्या मोबाईलमध्ये आजोबांचं एक जुनं रेकॉर्डिंग निघालं, त्यात ते स्वतः म्हणतात, "पकडले गावकऱ्यांनी रे, काठ्या घेऊन. आम्ही खंदकात. चहाचा मग हातात तसाच, सांडलासुद्धा नाही." वहीत हेच घातलंय. काका अजून रुसलेला आहे.

फोटोंचं थोडक्यात, चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात, खिडकीच्या उजेडात मोबाईलने वरूनच काढा. सुट्या फोटोंवर मागे पेन्सिलने नावं लिहा, बॉलपेन पुढे उमटतो.

सगळ्यात जास्त मिळालं ते इंदिरानगरच्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून. शौर्य, देशसेवा असलं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की हँगरमध्ये काम संपताना आजोबा शेवटचं काय करायचे. ते म्हणाले लॉकवायर. म्हणजे इंजिन हादरून बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पक्कडीने पीळ द्यायचा, आणि तो असा की तार बोल्टला आवळायच्याच बाजूला ओढेल. उलटा पीळ पडला तर सगळं कापून परत. "तुझे आजोबा दुसऱ्याचं कामसुद्धा बोट फिरवून बघायचे," म्हणाले.

घरी आलो आणि फाटक उघडताना बिजागरीकडे लक्ष गेलं. दोन्ही बोल्टना तार, बारीक एकसारखा पीळ, टोक आत वळवलेलं म्हणजे कुणाच्या हाताला लागू नये. इतकी वर्षं मला वाटायचं जुगाड आहे. वहीच्या पहिल्या पानावर युनिफॉर्मातला फोटो येणार होता, तो दुसऱ्या पानावर गेला. दिवाळीला रंगारी ती तार कापायला निघाला होता, आजीने त्याला चहा देऊन मागच्या भिंतीकडे पाठवलं.