गाडीच्या आतला आरसा काचेवर पुन्हा बसवताना

उन्हाने गोंद सुटल्यामुळे माझ्या गाडीतील आरसा धातूच्या चकतीसह पुढच्या काचेवरून निखळला. स्क्रू सैल करून चकती वेगळी केली आणि तिची मूळ जागा काचेच्या बाहेरून मार्करने आखून घेतली, कारण आतली खूण साफसफाईत पुसली जाते. नंतर ब्लेड तिरपे धरून जुना गोंद खरवडला, चकती पॉलिश पेपरने घासली आणि दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. सारे काही या स्वच्छतेवरच अवलंबून असते, बोटाचा तेलकट डागही पकड बिघडवतो. साधा झटपट गोंद उष्णतेत टिकत नाही, म्हणून आरशासाठीचाच गोंद अ‍ॅक्टिव्हेटरसह (गोंद पक्का होण्यास मदत करणारे द्रव्य) वापरला आणि चकतीची कोणती बाजू वर येते ते तपासून ती काचेवर मिनिटभर घट्ट दाबून धरली. आरसा मात्र दुसऱ्या दिवशी चढवला व स्क्रू बेताने आवळला, कारण जादा ताणाने काच तडकू शकते.