रापाना या आक्रमक सागरी गोगलगायीचा अभ्यास करताना या चुका टाळा

खान्देशातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला समुद्र पहिल्यांदा भेटतो तो बहुधा प्रयोगशाळेच्या कपाटात. तापी आपल्या केळीच्या बागांजवळून वाहत जाऊन सुरतेपलीकडे खंबातच्या आखाताला मिळते खरी, पण भरती-ओहोटीचा किनारा पाहण्यासाठी आपल्या मुलांना सहलीचीच वाट पाहावी लागते. त्यामुळे आक्रमक सागरी प्रजातींवर प्रकल्प लिहिताना मुले शेतातल्या अनुभवाचा आधार घेतात. तो अनुभव मोलाचा आहे, पण रापाना व्हेनोसा या मांसभक्षक गोगलगायीच्या बाबतीत तो अनेकदा दिशाभूल करतो. जळगाव-धुळ्याकडचे असे प्रकल्प मी बरीच वर्षे तपासत आहे आणि ठरावीक चुका दरवर्षी नव्या वहीत पुन्हा भेटतात, म्हणून त्या येथे सविस्तर मांडत आहे.

पहिली चूक म्हणजे रापानाचे वर्णन बांधावरच्या आफ्रिकन गोगलगायीवरून करणे. पावसाळ्यात पपईच्या रोपांवर चढणारी ती गोगलगाय जमिनीवर राहते, हवेत श्वास घेते, पाला खाते. तिच्या एकाच शरीरात नर व मादी दोन्ही अवयव असतात आणि मातीत घातलेल्या अंड्यांतून थेट इवलीशी गोगलगायच बाहेर येते. रापाना म्युरिसिडी या शिकारी सागरी गोगलगायींच्या कुळातली आहे. तिच्यात नर आणि मादी वेगळे असतात, ती कालवे, शिनाणे, तिसऱ्या अशा दोन शिंपांच्या प्राण्यांवर जगते, १८ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते आणि दहा वर्षांहून अधिक काळ जगते. मुख्य म्हणजे तिच्या अंड्यांतून गोगलगाय बाहेर येत नाही, पाण्यात तरंगणारा सूक्ष्म लार्वा, म्हणजे बाल्यावस्थेतला जीव, बाहेर येतो. हा फरक लक्षात न घेतल्यास तिच्या प्रसाराचे पुढचे सगळे विवेचन कोसळते.

दुसरी चूक तिच्या खाण्याच्या पद्धतीविषयीची आहे. शिकारी गोगलगाय शिंपल्याला गोल भोक पाडते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांच्या इतके पक्के डोक्यात असते की भोके पडलेले शिंपले मोजले म्हणजे रापानाने किती जीव मारले ते कळेल, असे ते बिनदिक्कत लिहितात. रापानाची पिल्ले किसणीसारख्या दातेरी पट्टीने, म्हणजे रेडुलाने, शिंपला कोरतात हे खरे आहे. मोठी रापाना मात्र आपल्या रुंद मांसल पायाने शिंपल्याला कवटाळते, दाट बुळबुळीत स्राव सोडून त्याला गुदमरवते आणि शिंपा सैलावल्या की फटीतून आतले मांस खाते. मागे उरतो तो अखंड, स्वच्छ, उघडा शिंपला. त्याच्याकडे पाहून कोणी मारले हे सांगता येत नाही, आणि म्हणून भोकांच्या मोजणीवरून काढलेला नुकसानीचा अंदाज नेहमी कमीच येतो.

सर्वांत जास्त चुका प्रसाराच्या प्रकरणात होतात. ‘ही गोगलगाय हळूहळू सरकत काळ्या समुद्रात पोहोचली’ असे वाक्य मी कितीदा तरी खोडले आहे. जपानचा समुद्र, पीत समुद्र, पूर्व चीन समुद्र हा तिचा मूळ प्रदेश. तेथून १९४० च्या दशकात ती काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ आढळली. पुढे १९७० च्या दशकात इटलीजवळचा एड्रियाटिक समुद्र, १९९० च्या दशकात फ्रान्सचा ब्रिटनी किनारा, १९९८ मध्ये अमेरिकेतील चेसापीक उपसागर आणि त्यानंतर दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाता नदीमुख अशी तिची नोंद होत गेली. नकाशावर ही ठिकाणे जोडून पाहा, रेघ किनाऱ्याने जात नाही, ती जहाजांच्या मार्गाने जाते.

याचे कारण समजायला रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली आठवावी. भरलेली ट्रॉली रस्त्यावर बसकी चालते, तर रिकामी उसळते. रिकाम्या जहाजाचेही तसेच होते, म्हणून त्याचा तोल राखण्यासाठी तळाच्या टाक्यांत बंदरातले पाणी भरून घेतात आणि माल चढवायच्या बंदरात ते सोडून देतात. हेच बॅलास्ट पाणी. रापानाची मादी पिवळ्या, उभ्या, गवताच्या जुडीसारख्या दिसणाऱ्या अंड्यांच्या कुप्यांची चटई कठीण पृष्ठभागावर चिकटवते. एका चटईत ५० ते ५०० कुप्या आणि एका कुपीत २०० ते १,००० अंडी असतात. वाढ होत जाते तशा कुप्या काळपट पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत लार्वे बाहेर पडतात. हे लार्वे कमीत कमी दोन आठवडे, तर कधी ८० दिवसांपर्यंत पाण्यात तरंगत राहू शकतात. इतक्या अवधीत मालवाहू जहाज महासागर ओलांडून जाते. याशिवाय जहाजाच्या बुडाला चिकटलेली अंडी आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलेली कालवे हेही मार्ग आहेत, आणि एकाच मार्गाचे नाव लिहून थांबणे ही सुद्धा चूकच. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये स्वीकारला गेला, पण तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाला. बरेच विद्यार्थी पहिले वर्ष लिहून दुसरे विसरतात, आणि मधली तेरा वर्षे हा करार लागूच नव्हता, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

काळ्या समुद्रात तिने इतका उच्छाद का मांडला, याचे उत्तर ‘तेथे अन्न भरपूर होते’ एवढ्यावर सोडू नये. त्या समुद्राचे पाणी कमी खारट असल्यामुळे शिंपल्यांवर जगणारे तारामासे तेथे टिकत नाहीत. त्यामुळे अन्नावर हक्क सांगणारा तुल्यबळ शिकारी तेथे नव्हता आणि कॉकेशस किनाऱ्यावरच्या गुदौतासारखी कालवांची क्षेत्रे उद्ध्वस्त झाली. नव्या प्रदेशांतील रापानांमध्ये आनुवंशिक विविधता अगदी थोडी आढळते, त्यावरून ‘ती लवकरच नष्ट होईल’ असा निष्कर्ष काढणेही घाईचे आहे, कारण तेवढ्याच तुटपुंज्या वारशावर ती दशकानुदशके टिकली आहे.

नोंदीतली एक चूक मला विशेष खुपते, कारण ती मी स्वतः जवळून पाहिली आहे. एका महाविद्यालयाच्या कपाटात मुठीएवढा शंख होता, त्यावर ‘रापाना व्हेनोसा, भारत’ अशी चिठ्ठी होती, आणि तो कुठल्या किनाऱ्यावर, कधी, जिवंत की रिकामा मिळाला यातले काहीच लिहिलेले नव्हते. भारतीय किनाऱ्यावर रापाना रॅपिफॉर्मिस ही स्थानिक भगिनी-प्रजाती आढळते. व्हेनोसाच्या ताज्या शंखाचे तोंड आतून गडद नारिंगी असते आणि पाठीवर शिरांसारख्या काळपट तुटक रेषा असतात, पण वर्षानुवर्षे उजेडात पडलेल्या शंखाचे रंग विटतात, तेव्हा एका खुणेवर प्रजाती ठरवू नये. रिकाम्या शंखाला जिवंत प्राण्याची नोंद समजू नये. त्यात दुसराच प्राणी राहत असू शकतो; चेसापीकमध्ये या शंखांत संन्यासी खेकडे राहायला आले आणि मोठे घर मिळाल्याने चांगलेच वाढले.

उपायांच्या प्रकरणात ‘पकडून निर्यात करावी’ असे एका ओळीत लिहिले जाते. तुर्कस्तान व बल्गेरियात असा व्यवसाय चालतो आणि माल पूर्व आशियात जातो, परंतु तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे तेथील उरलेसुरले शिंपलेही उखडले जातात.

शेवटची चूक थेट आपल्या शेतापर्यंत येते. शिकारी गोगलगाय इतकी खादाड असेल, तर आफ्रिकन गोगलगायीवर तशीच एखादी सोडावी, असे शेतकरी घरांतली मुले अगदी मनापासून सुचवतात. हा प्रयोग झालेला आहे. युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाईत आणि १९७० च्या दशकात ताहिती व मूरिया बेटांवर सोडण्यात आली. आफ्रिकन गोगलगायी आटोक्यात आल्या नाहीत, मात्र ताहिती-मूरियातल्या लहानशा स्थानिक पार्टुला गोगलगायींच्या कित्येक प्रजाती कायमच्या नाहीशा झाल्या. ज्या वाचल्या, त्यांतल्या काही प्राणिसंग्रहालयांतल्या काचेच्या पेट्यांत वाढवून आता पुन्हा त्या बेटांवर सोडाव्या लागत आहेत. म्हणून आपल्या बांधावर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे अंथरावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, मिठाच्या द्रावणात टाकाव्यात आणि मातीतली अंडीही शोधून नष्ट करावीत.