एमयूआयमध्ये मराठी वेबसाइट करताय? या चुका टाळा

एमयूआय ही रिअ‍ॅक्टसाठी बटणं, फॉर्म, टेबलं असे तयार भाग (कंपोनंट) देणारी लायब्ररी. तिचं बटण स्क्रीनवर आलं, निळं दिसलं, क्लिकही झालं, की लायब्ररी नीट बसली असं आपण धरून चालतो. खरे प्रश्न पुढे येतात. दिलेला रंग लागत नाही, इनपुटमध्ये एक अक्षर टाइप केलं की कर्सर निघून जातो, मराठी शीर्षकातल्या वेलांट्या वरून कापल्या जातात. मग दिसेल तिथे 'इम्पॉर्टंट' (सीएसएसचा नियम जबरदस्तीने लागू करणारा शब्द) लावून वेळ मारून नेली जाते. माझं स्पष्ट मत आहे की एमयूआयमध्ये इम्पॉर्टंट लिहायची पाळी आली, तर चूक त्याआधीच कुठेतरी झालेली असते. ती शोधून काढणं दर वेळी फायद्याचंच ठरतं.

इन्स्टॉल करतानाच होणाऱ्या चुका

२०२१ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. 'मटेरियल-यूआय कोअर' हे पॅकेजचं नाव जाऊन 'एमयूआय मटेरियल' आलं, आणि स्टाइल लावायला जेएसएस या साधनाऐवजी इमोशन हे साधन वापरात आलं. नेटवरच्या जुन्या धड्यांमध्ये मात्र अजून पहिलंच नाव आहे. ते पॅकेज रिअ‍ॅक्ट १६ आणि १७ साठीच आहे. त्यामुळे नव्या प्रोजेक्टमध्ये ते टाकलं, की एनपीएम (पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) 'ईरिझॉल्व्ह' अशी एरर देऊन थांबतो. इथे बरेच जण 'लेगसी पीअर डेप्स'चा पर्याय लावून पुढे जातात. तो लावला की एनपीएम तपासणी सोडून देतो, आवृत्त्यांचं न जुळणं तसंच राहतं आणि नंतर चालत्या पानावर अडचणी काढतं. एरर दाबू नका. ती नीट वाचा, त्यात कोणतं पॅकेज कोणती आवृत्ती मागतंय ते लिहिलेलं असतं.

एमयूआय मटेरियलसोबत 'इमोशन रिअ‍ॅक्ट' आणि 'इमोशन स्टाइल्ड' ही दोन पॅकेजंही घ्यावी लागतात. ती विसरली, तर मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार येते. सगळं इन्स्टॉल होऊनही 'इनव्हॅलिड हुक कॉल' दिसत असेल, तर टर्मिनलमध्ये 'एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट' चालवून बघा. रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती आल्या असण्याची शक्यता मोठी असते.

रकाने पाडणाऱ्या ग्रिडबद्दल एवढंच: २०२५ च्या सातव्या आवृत्तीपासून 'आयटम' आणि 'एक्सएस' हे जुने प्रॉप (कंपोनंटला द्यायच्या सूचना) ग्रिडला कळत नाहीत, आता 'साइझ' द्यायचा असतो. जुना कोड चिकटवला तर पान चालतं, फक्त रकाने पडत नाहीत.

आपला रंग का लागत नाही

इमोशन आपले स्टाइल टॅग हेडच्या शेवटी घालतं. तुमच्या सीएसएस फाइलमधला नियम आणि एमयूआयचा नियम सारख्याच वजनाचे असले, की नंतर आलेला जिंकतो, म्हणजे एमयूआयचा. उपाय सोपा आहे. सगळ्या अ‍ॅपला बाहेरून 'स्टाइल्डइंजिनप्रोव्हायडर'मध्ये ठेवा आणि त्याला 'इंजेक्टफर्स्ट' द्या. मग एमयूआयच्या स्टाइल आधी येतात, तुमच्या नंतर.

डायलॉग आणि मेनू यांचा प्रश्न वेगळा. ते तुमच्या डिव्हच्या आत रेंडर होतच नाहीत, थेट बॉडीच्या शेवटी जातात. म्हणून पालक क्लासवरून लिहिलेला सिलेक्टर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना 'एसएक्स' या प्रॉपमधून किंवा थीममधून (सगळ्या अ‍ॅपचे रंग, फॉन्ट एकत्र ठरवायची जागा) स्टाइल द्या. एसएक्समधले आकडे मात्र पिक्सेल समजू नका: पॅडिंग २ म्हणजे १६ पिक्सेल, बॉर्डररेडियस २ म्हणजे ८ पिक्सेल आणि विड्थ १ म्हणजे १०० टक्के.

कर्सर निघून जातो तेव्हा

'स्टाइल्ड' हे एमयूआयचं फंक्शन वापरून केलेला टेक्स्टफील्ड जर तुम्ही दुसऱ्या कंपोनंटच्या आत घडवला असेल, तर प्रत्येक रेंडरला तो नवाच कंपोनंट ठरतो. रिअ‍ॅक्ट जुना इनपुट काढून टाकतो, नवा बसवतो आणि फोकस जातो. ती ओळ कंपोनंटच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात न्या. थीम बनवणारं 'क्रिएटथीम'ही बाहेरच ठेवा.

मराठी मजकूर: सर्वांत दुर्लक्षित भाग

एमयूआयची मूळ टायपोग्राफी रोबोटो फॉन्टसाठी आखलेली आहे, आणि रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. त्यामुळे मराठी मजकूर ज्या त्या यंत्रातल्या फॉन्टमध्ये दिसतो: विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो. तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर जे पाहून मंजूर केलंत, ते वाचणाऱ्याच्या फोनवर तसं नसतं. देवनागरी फॉन्ट स्वतः द्या. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे दोन्ही मोफत वापरता येतात. त्यांची ४००, ५०० आणि ७०० ही वजनं घ्या. ७०० नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो, आणि क्ष, ज्ञ, ष्ठ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात.

फॉन्ट कुठे सांगता यावरही बरंच ठरतं. तो नुसता बॉडीच्या सीएसएसमध्ये लिहिला, तर टायपोग्राफी आणि बटण त्याला जुमानत नाहीत. थीमच्या टायपोग्राफीत 'फॉन्टफॅमिली' म्हणून दिला, की आणखी एक काम आपोआप होतं. रोबोटोसाठी एमयूआय अक्षरांमध्ये थोडं अंतर घालतं. बटणात ते ०.०२८५७ ईएम (अक्षराच्या आकाराच्या पटीत) असतं, 'ओव्हरलाइन' या बारीक मजकुराच्या शैलीत ०.०८३३३ ईएम, म्हणजे १२ पिक्सेलच्या अक्षराला पूर्ण एक पिक्सेल. इंग्रजीत ते खटकत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेला फटी पडतात आणि शब्द तुटक दिसतो. थीममधली फॉन्टफॅमिली मूळची राहिली नाही, की एमयूआय हे अंतर स्वतःहून काढून टाकतं. अशा तुटक शिरोरेषा मराठी वेबसाइटवर दिसल्या की मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय थीममधल्या एका ओळीचा आहे.

ओळीची उंची मात्र आपोआप बदलत नाही. 'एच१' आणि 'एच३' यांची लाइनहाइट १.१६७ आहे. 'मूर्तींची' या शब्दात वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली ऊकार. शीर्षक दोन ओळींत गेलं की वरचं आणि खालचं एकमेकांना भिडतं. 'नोरॅप' (मजकूर एकाच ओळीत ठेवणारा प्रॉप) लावलं असेल तर बाहेर आलेला भाग कापलाच जातो, कारण ते ओव्हरफ्लो लपवतं. शीर्षकांची लाइनहाइट थीममध्येच १.४ च्या आसपास न्या आणि असे शब्द टाकून तपासा.

टेक्स्टफील्डचं लेबल एकाच ओळीत राहतं आणि न मावलेलं तीन टिंबांत संपतं. 'जन्मतारीख (आधार कार्डावर आहे तशी)' हे लेबल फोनवर पूर्ण दिसणार नाही. लेबलमध्ये 'जन्मतारीख' एवढंच ठेवा, कंसातली सूचना 'हेल्परटेक्स्ट'मध्ये द्या.

व्हीट आणि नेक्स्ट या प्रोजेक्ट सुरू करून देणाऱ्या साधनांच्या तयार साच्यात एचटीएमएल टॅगची भाषा इंग्रजी असते. ती बदलून 'एमआर' (मराठी) करा. स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर तेच दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.

टेबलाखालची पानं मोजणारी पट्टी मूळ इंग्रजीत येते. तिथले शब्द प्रत्येक टेबलात वेगळे लिहीत बसू नका, 'टेबलपेजिनेशन'चे डीफॉल्ट प्रॉप म्हणून थीममध्ये एकदाच द्या. आकड्यांसाठी जावास्क्रिप्टच्या 'इंटल नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' हा लोकेल (भाषा आणि देशाचा संकेत) दिला की '१–१० / २४५' यातले आकडे देवनागरीत मिळतात.