पैलवानांचा स्ट्रेंथ कोच व्हायचंय? आधी तालमीत बसा

पुण्यात पैलवानांसोबत काम करायचंय म्हणणारी मुलं पहिल्यांदा विचारतात ते कोर्सचं. त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. बी.पी.एड. किंवा स्पोर्ट्स सायन्सची पदवी घ्या, आगाशे कॉलेज आणि सिंबायोसिस शहरातच आहेत. पुढे सीएससीएसची, म्हणजे स्ट्रेंथ कोचसाठीच्या अमेरिकन प्रमाणपत्राची परीक्षा द्या. त्याला पदवीबरोबर सीपीआरचं प्रमाणपत्रही लागतं.

खरं शिक्षण तालमीत होतं. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम असो की कात्रजचं कुस्ती संकुल, ओळख काढून जा आणि सुरुवातीला वही घेऊन नुसतं बसा. तेही पहाटे. चपला बाहेर काढायच्या, मारुतीला नमस्कार करायचा आणि वस्तादांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

वहीत लिहायचं काय? जोर किती मारले, बैठका किती झाल्या, धरपकड (जोडीदाराशी सरावाची कुस्ती) किती वेळ चालली, दोर कितीदा चढला, आखाडा कुणी खणला. हो, खणणंसुद्धा. पहाटे खोऱ्यानं माती ओढलेल्या पोराला त्याच संध्याकाळी जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) लावणारे कोच आहेत, कारण त्यांच्या एक्सेल शीटमध्ये मातीला रकानाच नसतो. वस्तादांची मेहनत आधी, त्यातून उरलेली ताकद आपली. बहुतेकांना आठवड्याला दोन सत्रं पुरतात.

त्या दोन सत्रांत मेहनतीत नसलेलं द्यायचं. बैठक चवड्यांवर होते, त्यामुळे मांडीची पुढची बाजू आणि गुडघे आधीच राबलेले असतात. जोरानं छाती, खांदे, दंड तयार होतात. मागची बाजू मात्र कच्ची राहते: हॅमस्ट्रिंग, नितंब, ओढण्याची ताकद. म्हणून रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे जेमतेम वाकवून कमरेतून झुकत केलेली), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), बारवर टॉवेल टाकून पुल-अप्स. टॉवेलमुळे पकडही घडते. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडताना, बराच भार एका पायावर येतो, त्यासाठी स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक). मानेचं काम जपून करा. नवख्याला थेट डोक्यावर ब्रिज (डोकं टेकवून अंगाची कमान) देऊ नका. आधी हातानं विरोध देऊन मान चारही दिशांना धरून ठेवायला शिकवा.

दमाबद्दल वस्तादांशी वाद होणारच. पोरांना सिंहगड चढायला आवडतं, चढू द्या, पाया त्यानं पक्का होतो. पण गादीवर (मॅटवर) सीनियर गटात ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये फक्त ३० सेकंद. स्पर्धा जवळ आली की सरावही त्याच मापाचा हवा: सँडबॅग, दोर, जोडीदाराला उचलून चालणं, थोडक्यात झटके आणि तुटपुंजी विश्रांती. पोरगा मातीवर लढणार की गादीवर, हे आधी विचारून घ्या. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग असतात आणि त्यांचे विजेते किताबासाठी भिडतात, म्हणजे वर जाणाऱ्याला दोन्हीची सवय हवी.

वर्षाचा आराखडा पंचांगाकडे बघून करा. जत्रांचे फड मुख्यतः दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत चालतात, तेव्हा नवीन व्यायाम घुसवू नका. आहे ती ताकद टिकवा. जड वजनं उचलायला आषाढ-श्रावण बरे.

वजनाच्या बाबतीत कडक राहा. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. स्वेटशर्ट घालून पळणं, पाणी तोडणं हे पोरं एकमेकांकडून शिकतात. स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून रोजचं वजन लिहून घ्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कुणाला वाळवावं लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर तालमीतून सुरुवातीला फारसं मिळत नाही. दिवसा जिममध्ये पर्सनल ट्रेनिंग करून पहाट तालमीला देणं, हा बऱ्याच जणांचा मार्ग. यात सप्लिमेंटच्या डब्यांवरचं कमिशन हाताशी येतं, ते घेऊ नका. नमुन्यात बंदी असलेलं काही सापडलं तर उत्तर पैलवानालाच द्यावं लागतं. कोचनं डबा दिला होता, एवढं सांगून त्याची सुटका होत नाही.