पोरांना जुन्या रेल्वेचं वेड कसं लावायचं

खरं तर वेड लावावं लागतच नाही, चार वर्षांचं पोर फाटकावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजतंच. ते वेड सातवी-आठवीपर्यंत टिकवायचं कसं हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे आपण मोठी माणसं काय करतो तर १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, चल पाठ कर. झालं, पोर गेलं मोबाईलकडे. सनावळ्या नंतर सांगा, आधी त्याला स्वतः उलगडता येईल असं काहीतरी द्या.

सुरुवात प्लॅटफॉर्मवरूनच करा. प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि इंजिनावरची अक्षरं वाचायला शिकवा. समजा डब्ल्यूएपी-७ आलं, तर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रुळ), ए म्हणजे विजेच्या एसी करंटवर चालणारं, पी म्हणजे पॅसेंजर गाडीसाठीचं. ए च्या जागी डी असेल तर डिझेल, पी च्या जागी जी असेल तर मालगाडीचं, एम असेल तर दोन्ही कामांचं. अडीच फुटी नॅरोगेजला झेड आणि माथेरानच्या दोन फुटी रुळांना एन, म्हणून तिथलं डिझेल इंजिन एनडीएम. एवढं डोक्यात बसलं की कधीतरी जुनं वाफेचं डब्ल्यूपी बघताना पोरगी आपणहून विचारते की यातलं मधलं अक्षर कुठे गेलं, आणि मग सांगायचं की वाफेच्या इंजिनाला मधलं अक्षर द्यायची पद्धतच नव्हती. हा प्रश्न तिचा तिला पडला पाहिजे, तुम्ही आधीच उत्तर देऊन टाकलंत तर मजा संपली. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा बनला ते साल, हेही सांगून ठेवा, मग बघा पूर्ण गाडीभर सगळ्यात म्हातारा डबा कोणता याची शोधाशोध सुरू होते.

मुंबई-पुणे करणाऱ्यांच्या तर हातात बोरघाट आहे, आणि आपण त्यात झोपतो! हा घाट १८६३ साली सुरू झाला, चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. पोराला नुसतं असं सांगितलं तर काही कळत नाही, म्हणून घरी ३७ सेंटीमीटरची पुठ्ठ्याची पट्टी कापा, एका टोकाखाली बरोबर १ सेंटीमीटर उंचीचं काहीतरी ठेवा आणि वर गोटी सोडा. बघायला पट्टी जवळजवळ सपाट वाटते पण गोटी मात्र सुसाट खाली. रुळ लोखंडी, चाक लोखंडी, पकड कमी, त्यामुळे एवढासा चढसुद्धा गाडीला जड जातो आणि म्हणून वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. पुढच्या वेळी कर्जतला वडा घ्यायला उतराल तेव्हा पोराला वड्याच्या लाईनीत नको, मागच्या टोकाला घेऊन जा (गाडी किती वेळ थांबते ते बघून, नाहीतर वडाही गेला आणि गाडीही). जाताना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती कर्जतला आणि लोणावळ्याला वाचून वजाबाकी करायला लावा. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी उलट दिशेने काढावी लागायची, त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत, ते खेळण्यातल्या गाडीने जमिनीवर झेड आकाराचे रुळ मांडून करून दाखवा, पोरं तासभर हलत नाहीत.

विदर्भात असाल तर आजी-आजोबांना कामाला लावा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, म्हणजे त्यात बसलेली माणसं घरोघरी आहेत. सोलापूर, लातूर, पंढरपूरकडे तेच बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं. पोराला मोबाईल रेकॉर्डर देऊन बसवा, पण प्रश्न 'गाडी कशी होती' असा नको, 'डोळ्यात कोळशाचा कण गेला की काय करायचात', 'टपावर कोण बसायचं' असे विचारायला लावा, मग आजोबा थांबत नाहीत.

म्युझियमचं थोडक्यात सांगतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, सिग्नलसकट चालत्या गाड्यांचं अख्खं शहर, लहानांना पहिलं तिथेच न्या. नागपुरात मोतीबागला नॅरोगेजचं आहे. दिल्लीचं मोठं आहे, १८५५ चं फेअरी क्वीन हे वाफेचं इंजिन मुळात त्यांच्याकडचंच, पण तिथे दहा वर्षांच्या आतलं पोर दमतं असं माझं मत.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा, रुळावर उतरायचं नाही, रुळावर सेल्फी नाही, दारात लटकायचं नाही. आरपीएफवाल्याने (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने) फोटो काढू नका म्हटलं तर पोरासमोर वाद घालत बसू नका, कॅमेरा ठेवून द्या आणि कानाने गाडी ओळखायचा खेळ खेळा. आणि रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवरचं 'सी/फा' म्हणजे सीटी वाजवा पुढे फाटक आहे, हे खिडकीतून दिसल्यावर किती सेकंदांनी हॉर्न येतो ते मोजायला पैसे पडत नाहीत.

पुण्यातल्यांसाठी अजून एक. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि दरवर्षी १ जूनला तिचा वाढदिवस पुणे स्टेशनवर चाहते केक कापून साजरा करतात. शाळेला सुट्टीच असते तेव्हा, घेऊन जा. गाडी सकाळी सव्वासातची, त्यामुळे पोराला सहाच्या आत उठवावं लागेल, नाहीच उठलं तर झोपू द्या, ओढून नेऊ नका.