वेबपानातील फेरफार पकडणारा वॉटरमार्क : नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी हा विषय निवडला तेव्हा वॉटरमार्क म्हणजे छायाचित्राच्या कोपऱ्यातील फिकट खूण, एवढीच माझी समज होती. वेबपानाला लागणारा वॉटरमार्क मात्र नाजूक असावा लागतो. मजकुराला कोणी हात लावताच तो मोडावा, हेच त्याचे काम असते. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये तो लपवता येतो, कारण टॅगच्या, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणांच्या, नावातील इंग्रजी अक्षरे लहान लिपीत आहेत की मोठ्या, याने ब्राउझरला फरक पडत नाही. प्रत्येक अक्षर एक बिट (शून्य किंवा एक) वाहू शकते, त्यामुळे पाच अक्षरी 'टेबल' (table) टॅगच्या उघडत्या व मिटत्या जोडीत १० बिट मावतात.

सुरुवातीला मी पानाचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढून तोच टॅगमध्ये भरला. पान बदलणाऱ्यालाही तो हॅश नव्याने काढता येणार नाही का, असे मार्गदर्शकांनी विचारले आणि मी एचमॅककडे, म्हणजे गुप्त किल्ली असल्याशिवाय काढता न येणाऱ्या ठशाकडे, वळलो. त्याच्या हिशेबात पानाचा पत्ता आणि चालू आवृत्तीचा क्रमांकही धरावा लागतो. अन्यथा कोणी जुने पान परत आणून ठेवले, तर त्यातील वॉटरमार्क अस्सलच असल्याने पडताळणी त्याला होकार देते.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो प्रमाणरूप ठरवण्यात. वॉटरमार्क भरला की पान बदलतेच, म्हणून एचमॅक काढण्यापूर्वी पान एका ठरावीक रूपात आणावे लागते. मी घाईने संपूर्ण पान लहान लिपीत आणले आणि शून्य रुंदीची अदृश्य अक्षरे गाळून टाकली. पडताळणी सुरळीत चालली, आणि हाच धोका होता. चाचणीत मी एका दुव्याच्या मार्गातील एक अक्षर लहानाचे मोठे केले. अनेक सर्व्हर असा मार्ग वेगळा मानतात, तरीही माझ्या प्रोग्रामने पान निर्दोष ठरवले. देवनागरीत तर याहून मोठी चूक लपली होती. 'दऱ्या' हा शब्द साध्या 'र'नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन टंकलेला असेल, तर ते चिन्ह काढताच दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरांमधून आपण थेट समुद्रावर पोहोचतो, आणि वॉटरमार्क मात्र अभंग राहतो. म्हणून ज्या जागी बिट भरायचे, तेवढीच जागा प्रमाणरूपात आणावी. बाकीच्या एकाही बाइटला हात लावू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

खोट्या इशाऱ्यांची कारणे त्या मानाने लवकर सापडतात. मिनिफायर, म्हणजे पानाचा आकार कमी करणारा प्रोग्राम, टॅगची लिपी व मोकळ्या जागा बदलतो, तर दर विनंतीला नवे टोकन (सुरक्षेसाठीचा सांकेतिक शब्द) घालणारा फॉर्म पान सतत बदलत ठेवतो. ब्राउझरने उभारलेल्या रचनेतून पान पुन्हा लिहून घेतले तरी टॅग एकाच लिपीत येतात, त्यामुळे पडताळणी सर्व्हरकडून आलेल्या मूळ बाइटांवरच करावी.

ही पडताळणी वेगळ्या यंत्रावर ठेवावी आणि किल्लीही वेबसर्व्हरवर ठेवू नये, कारण सर्व्हरमध्ये शिरलेल्याच्या हाती किल्ली लागली तर तो बदललेल्या पानावरही अचूक वॉटरमार्क उमटवू शकतो.