घनफळ न् पृष्ठफळ: आधी डबा, मग सूत्र

दहावीच्या पोट्ट्यांना सूत्रं आधी देऊच नका, पाठ करतात न् पेपरात गडबडतात. एक गोल डबा घ्या, समजा त्रिज्या 7 सेमी, उंची 10, बाजूनं कागद गुंडाळा न् उलगडा, आयत झाला ना बाप्पा! लांबी 44, रुंदी 10, वक्रपृष्ठफळ 440 चौसेमी. झाकण-बूड 154-154 मिळवलं की एकूण 748.

मग तेवढ्याच त्रिज्या-उंचीचा पुठ्ठ्याचा शंकू करून तूर भरा, तीनदा ओतली की डबा भरते, म्हणजे शंकू डब्याच्या एक तृतीयांश; डब्याचं घनफळ बुडाचे 154 गुणिले उंची 10, म्हणजे 1540 घसेमी, दीड लिटरच्या जरा वर. पण शंकू करताना पोट्टे हमखास तिरकस उंची (टोकापासून काठापर्यंतची) 10 धरतात, ती 12.2 येते; 10 धरली तर शंकू बुटका होते न् तूर कमी पडते. गोल, घन नंतर पटकन होते.